डोक्यावरचे केस बाबांना दिले

मूळ गाव आमचं चिपळूणकडे, पण माझा जन्म ठाण्याच्या कोपरीतला, स्टेशनजवळच्या चाळीतला. बाबा रंगारी होते. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि बस चालवायला लागलो. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीची माणसं सकाळी नेऊन सोडायची, संध्याकाळी परत आणायची, आणि मधल्या वेळात गाडीत वाचत बसायचं. मला आवडतं ते. तंबाखूसुद्धा कधी तोंडात घेतली नाही, चहा तेवढा लागतो.

बाबा गेले. दहाव्याला मी डोकं, दाढी, मिशी सगळं काढलं. आमच्यात मोठा मुलगा काढतो, त्यात विचारायचं काय? त्या दिवसांत पोटात नुसती आग पडायची, जेवण जात नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. आणि कामावर हजर झालो त्याच सकाळी ड्रायव्हरांची नशेची तपासणी निघाली.

काय सांगू तुम्हाला, हातात डबी दिली, नळ बंद केलेला, दार उघडं, मागे एक माणूस उभा. लघवीत कुणी पाणी मिसळू नये म्हणून. मला होईना. मागचा म्हणतो, घ्या काका, मी भिंतीकडे बघतो. मग पट्टी बुडवली आणि तिच्यावर एकच रेघ उमटली. मी सुटलो म्हणून हसलो. आमच्या घरी बायकोला दिवस राहिलेत का ते बघायला अशा पट्ट्या वर्षानुवर्षं बघितल्यात, एक रेघ म्हणजे काही नाही, हे मला पाठ. पण ही पट्टी उलटी. दोन रेघा म्हणजे साफ, एक म्हणजे गांजा.

आणि मी हसत होतो, ते सगळ्यांनी बघितलं.

कदम आमचे सुपरवायझर. त्यांनी बस उभ्या असतात तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, कधीपासून ओढतोस? मी म्हटलं, साहेब, पट्टी नुसता संशय दाखवते, तिच्या पाकिटावरच लिहिलंय, उरलेला नमुना मोठ्या मशीनवर पाठवा. ते म्हणाले, लघवी चार दिवसांचं सांगते, थुंकी कालचं, केस महिन्यांचं सांगतात, आणि तू तर गोटा करून आलास, हुशार आहेस. मागून कुणीतरी म्हणालं, बोलो भोलेनाथ! सगळे हसले.

मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. पण तेव्हा बोललो. म्हटलं, कदमसाहेब, तुमच्या वडिलांच्या दहाव्याला तुम्ही केस ठेवले होते का? मग ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, राजीनामा दे, कागदावर काही येणार नाही, दुसरीकडे लागशील. म्हटलं, नाही देत. राजीनामा दिला तर मी ओढतो असंच होईल, आणि बाप मेल्यावर गांजा ओढत बसला असं माझ्या आईच्या कानावर जाईल. केस हवेत ना, छातीवर आहेत, घ्या.

शेवटी उरलेली लघवी मशीनवर पाठवली आणि केसांसाठी मला लॅबमध्ये. तिथली मुलगी लाजली बिचारी. दादा, बनियन काढा, म्हणाली आणि कातडीला लावून कात्रीने झुपका कापला. तिथल्या डॉक्टरबाईंना गोळ्यांचं पाकीट दाखवलं, तर त्या म्हणाल्या, या गोळ्यांनी कधीकधी पट्टी फसते, मशीन फसत नाही. अहवाल येईपर्यंत घरी बसलो. आईला सांगितलं, रजा आहे.

दोन्ही अहवाल साफ आले. कदमांचा फोन, ये उद्यापासून, झालं ते विसर. म्हटलं, येतो, पण जिथे विचारलंत तिथेच सांगा. सांगितलं त्यांनी, पुटपुटत. मी म्हटलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही. मग परत सांगितलं, मोठ्याने.

आता केस कंगव्यात यायला लागलेत. आईला नंतर सगळं कळलंच, चाळीत काय राहतं? परवा डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, वाढव बाबा आता, परत कुणी मागितले तर असावेत. मी म्हटलं, मागू देत, छातीवरचेच देईन. डोक्यावरचे एकदा बाबांना दिले, ते काय साहेबाला विचारून द्यायचे होते?

तिने हात तसाच ठेवला डोक्यावर.