भिंतीवरचा चोर

...आणि वर मलाच म्हणतात, तू हट्टी आहेस! मी? अहो, मी जुने सोफे विकतो. जुने सोफे विकणाऱ्याला हट्टीपणा परवडतो का? गिऱ्हाईक म्हणालं निळा, तर निळा. तेच गिऱ्हाईक घटकाभरानं म्हणालं, हा हिरवा दिसतोय हो, तर हिरवा, तुमची नजर चांगली आहे, म्हणायचं आणि गाडी बोलवायची. थोडं इकडचं तिकडे केल्याशिवाय आमचा धंदाच चालत नाही, तुम्हाला सांगतो! आणि अशा माणसाला सख्ख्या बहिणीनं काय करून ठेवावं? तर देवाचा शिलेदार. व्रतस्थ. जन्मात एकदाही खोटं न बोलणारा!

थांबा, खेळ सांगतो आधी, नाहीतर तुम्हाला वाटायचं ह्याचं डोकं फिरलं. खेळ असा, की पट नाही, सोंगट्या नाहीत, एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायची. किल्ले, राक्षस, जादू, सगळं तोंडी. काही अवघड करायचं तर फासा टाकायचा, आणि पडेल तसं घडणार. दर रविवारी, दुपारची भांडी घासून झाली की, ताईच्या स्वयंपाकघरातल्या त्या डुगडुगत्या टेबलावर. सूत्रधार ताई. ताई दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांच्या हिरड्यांचे साचे हातात, केसभर चुकलं तर माणूस जेवायचा थांबतो, त्यामुळे नियमाला अशी पक्की, की देव आला तरी त्याला म्हणेल, आधी फासा टाका.

पहिल्या रविवारी मला उशीर झाला, कारण एका बाईंचा सोफा जिन्यात अडकला होता. पोचतो तर जादूगार झाला होता शेजारचा औषधवाला, आणि चोर झाले होते आमचे भाऊजी. म्हटलं, मला काय? ताई म्हणाली, शिलेदार उरलाय. पांढरा घोडा आहे, चिलखत आहे, जखमेवर नुसता हात ठेवलास तरी जखम भरून येते. म्हटलं, वा! मग म्हणाली, फक्त व्रत आहे. खोटं बोलायचं नाही आणि साथीदाराला मागं टाकून जायचं नाही. एकदा मोडलंस की शक्ती गेली, कायमची. आणि दर रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मला छातीवर हात ठेवून म्हणायला लावायची, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. सोफेवाला मी! औषधवाला तोंडात रुमाल कोंबून हसायचा.

आता भाऊजी. ताईचे यजमान. आयुष्यभर नोकरी कसली, तर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायचे. किती सरळ माणूस म्हणावं? एकदा कुठल्याशा दुकानात सही करताना त्या दुकानदाराचं पेन चुकून खिशात राहिलं, तर अर्ध्या रस्त्यातून उन्हात परत गेले. खेळायला नवे फासे आणले, तर ह्यांनी आधी वाटीत मिठाचं पाणी केलं आणि एकेक फासा त्यात सोडून बघितला. औषधवाल्याचा एक फासा सारखा सहाच वर करून तरंगायला लागला. भाऊजींनी तो चिमटीत धरला आणि शांतपणे म्हणाले, हा खोटा आहे. संपलं. औषधवाल्यानं स्वतःच्या हातानं तो कचऱ्यात टाकला.

आणि हा माणूस चोर! आणि काय चोर हो! राजाची पेटी चोरायचा, पुजाऱ्याची घंटा चोरायचा, आणि काहीच नसलं तर माझं चोरायचा. माझ्या शिलेदाराकडे एक चांदीचा चमचा होता, ताईनं उगीच दिलेला, कशाला ते देव जाणे. तो यांनी पहिल्याच महिन्यात लांबवला. मी समोरासमोर विचारलं, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणतात कसे, "चमचा? कुठला चमचा, मेव्हणे?" आणि मग हसू आवरेना, चष्मा काढून पुसत बसले. मी त्यांना तसं हसताना दुसरीकडे कुठं बघितलं नाही.

आणि गंमत म्हणजे, एरवी आमची ताई त्यांना अहो-जाहो. अहो, जेवता ना? हे आलेत का? पण टेबलावर बसली की एकदम, "अरे चोरा, तू आता काय करतोस?" अरे-तुरे! आणि ह्यांना इतकं आवडायचं ते! मुद्दाम चुका करायचे, ताईनं अरे म्हणावं म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसं, तुम्हाला सांगतो, आणि रविवारची वाट बघायची एकमेकांना अरे-तुरे करायला.

आणि माझी परवड! पहारेकरी विचारणार, कोण आहात? चोर सांगणार, आम्ही मेंढपाळ. जादूगार सांगणार, आम्ही मेंढपाळ. मग ताई पहारेकऱ्याच्या जाड्या आवाजात माझ्याकडे वळणार, काय रे, खरंच मेंढपाळ का? आता मी काय करू? घेतला वसा टाकायचा नाही! मी सांगणार, नाही हो, चोरी करायला चाललोय, पण थोडीशीच. की चाललो तिघंही तुरुंगात! आणि हे लोण दुकानात पोचलं, त्याचं काय? सोमवारी गिऱ्हाईक विचारणार, स्प्रिंगा चांगल्या आहेत ना? आणि माझ्या तोंडून निघून जायचं, डाव्या बाजूला बसलात तर रुताल. मालक माझ्याकडे असा बघायचा, जसा मी त्याच्या ताटात हात घातला.

बरं चाललं होतं हो. फार बरं चाललं होतं.

मग तो किल्ला आला. दरवाजा बंद, भिंत उंच, आणि ठरलं असं, की चोरानं भिंत चढून आत उतरायचं आणि आतून दरवाजा उघडायचा. भाऊजींनी फासा टाकला, चांगला पडला, चोर सरसर वर चढला. भिंतीच्या अगदी टोकावर बसला. आणि तेवढ्यात ताईच्या प्रयोगशाळेतून फोन आला, कुणाची तरी कवळी मोडली होती, लगेच हवी होती. ताई उठली आणि भाऊजींना म्हणाली, "अरे चोरा, तू बस तिथंच. पुढचं पुढच्या रविवारी." भाऊजी म्हणाले, बसतो.

त्या आठवड्यात भाऊजी गेले. कामावरच. एका दुकानात काटा तपासत होते, खाली बसले, ते उठलेच नाहीत. दुकानदार सांगत होता, वजनं हळूच बाजूला ठेवली आधी आणि मग बसले. पाडली नाहीत.

पुढचे दिवस कसे गेले, काय सांगू. ताई रडली नाही. आले-गेले सगळं बघितलं, कागदपत्रं बघितली, कामावर रुजू झाली, पण डोळ्यातून टिपूस नाही. आई म्हणायची, तिला रडवा रे कुणीतरी, आत साचतंय सगळं. आता कसं रडवायचं? मला सोफा विकता येतो, माणसाला रडवता येत नाही.

मग एके दिवशी तिचा फोन. म्हणाली, रविवारी ये. औषधवाल्यालाही सांग. भिंतीवर माणूस अडकलाय.

गेलो. टेबल तसंच, भाऊजींची खुर्ची तशीच, खुर्चीसमोर त्यांचे फासे. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, उतणार नाही, मातणार नाही. ताईनं गोष्ट सुरू केली. तुम्ही भिंतीखाली उभे आहात. वारा सुटलाय. आत कुत्री भुंकताहेत. चोर वर बसलाय. एवढं सांगून गप्प. आम्ही थांबलो. तीही थांबली. शेवटी म्हणाली, त्याची पाळी आहे.

तुम्हाला सांगतो, असे किती रविवार गेले! आम्ही आपले भिंतीखाली उभे! वारा सुटतो, कुत्री भुंकतात, चोर काही उतरत नाही. कारण नियम असा, की दुसऱ्याचा फासा दुसऱ्यानं टाकायचा नाही. मग चोर पडणार कसा आणि उतरणार कसा? एकदा औषधवाल्यानं बिचाऱ्यानं चाचरत सुचवलं, आतून एखादा बाण वगैरे... म्हणजे लागतो कधीकधी माणसाला... ताईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, बाण चुकवायचा फासा कोण टाकणार? तू? औषधवाला चहाच्या कपात बघत बसला. मग म्हटलं, आपण दोघं दुसऱ्या बाजूनं जाऊ या का? तर माझ्याकडे वळली. साथीदाराला टाकून? तू? वसा कुणी घेतलाय? झालं! माझाच वसा माझ्याच गळ्यात. बाहेर पडल्यावर औषधवाला म्हणायचा, अहो, हे बरं नाही, आपण तिच्या दुःखाला चहा पाजतोय. मी म्हणायचो, मग तुम्ही सांगा तिला. तो म्हणायचा, तुम्ही भाऊ आहात. मी म्हणायचो, तुम्ही औषधवाले आहात!

मग गेल्या महिन्यातला तो रविवार. नेहमीसारखं. वारा, कुत्री. आणि कधी नव्हे ते ताई म्हणाली, दरवाज्याची झडप उघडते. आतून म्हातारा द्वारपाल डोकावतो. आम्ही दोघं सावरून बसलो, म्हटलं, चला, काहीतरी हललं! ताईनं द्वारपालाचा जाडा आवाज काढला, कोण रे तिकडं? कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, आमच्या साथीदाराची. खरंच होतं ते.

ताईनं हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. आणि द्वारपालानं विचारलं,

"येणार आहेत का ते?"

आहेत. ते. ऐकलंत ना? द्वारपाल चोराला अहो-जाहो कशाला करेल? आजवर टेबलावर चोराला कुणी अहो म्हटलं नव्हतं. आणि आवाजही जाडा नव्हता. ताईचाच होता, दाराशी उभी राहून, भाऊजींना उशीर झाल्यावर, मला फोनवर विचारायची तसा. ताई माझ्याकडे बघत होती. आणि मला, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी व्रत आठवलं नाही, घोडा आठवला नाही, काही आठवलं नाही. समोर माझी बहीण होती आणि ती विचारत होती. मी म्हटलं,

"येणार आहेत, ताई. येतीलच आता."

आता बघा पेच! तिनं हे चालवून घेतलं असतं, तर भाऊजी येणार होते. आम्ही म्हातारे होईपर्यंत त्या भिंतीखाली उभे राहिलो असतो. आणि चालवून घेतलं नाही, तर...

ताई कवळ्या बनवते हो. केसभर चूक तिला दिसते.

तिनं पेन्सिल परत उचलली. मग म्हणाली, अगदी हळू, "खोटं बोललास."

मी मान डोलावली.

"व्रत मोडलंस. हात ठेवून जखम भरायची शक्ती गेली तुझी." आणि नियमाप्रमाणं एकेक सांगत गेली, घोडा गेला, चिलखताचं तेज गेलं... आणि तेज म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला, आणि तिनं डोकं टेबलावर ठेवलं, आणि रडली. इतक्या महिन्यांचं. टेबल डुगडुगत होतं, फासे हलत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो. नुसता हात. शक्ती तर आत्ताच काढून घेतली होती तिनं.

रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "तुझा चमचा ह्यांच्याकडेच राहिला रे."

म्हटलं, राहू दे.

आता खेळ पुढं सरकलाय. भाऊजींची खुर्ची ताईनंच खिडकीशी नेऊन ठेवली, तिथं बसून ती संध्याकाळी चष्मा लावून वाचते. वसा म्हणायला मला आता कुणी सांगत नाही. शिलेदार आपला साधा माणूस, पायी चालतो, चिलखत नुसतं जड. एकच फायदा, वाटेल तेवढं खोटं बोलायला मोकळा! औषधवाला तर हरखून गेला होता. परवाच्या रविवारी गेलो दरवाज्याशी. द्वारपालानं विचारलं, किती जण आहात? औषधवाला टेबलाखालून मला लाथा मारतोय, सांगा फौज आहे! सांगा हजार आहेत! घाबरून उघडेल तो!

मी तोंड उघडलं. ताई बघत होती. आधी इथं माझ्या तोंडून काय निघायचं, तर तिघं. ताईला धरून चौघं, पण ताई सूत्रधार, ती मोजायची नाही. म्हणजे मी, औषधवाला, आणि...

म्हटलं, "दोघंच."

ताईनं मान हलवली आणि शांतपणे म्हणाली, बरोबर. आणि आम्हाला दोघांना तुरुंगात टाकलं. औषधवाला अजून माझ्याशी बोलत नाही, दुकानात खरं बोलून बोलून तीन दिवस एकही सोफा गेलेला नाही, मालक कपाळाला हात लावून बसलाय... सुंभ जळला, पीळ काही जात नाही हो. काय करता!