बियाण्याचं शेवटचं पोतं

सासूबाईंशी माझं जमलं कसं म्हणता? एका पिच्चरमुळे.

लग्नाला महिना झाला होता. नवरा म्हणाला, "आज तुह्या आवडीचा पिच्चर लाव." मी लावला: जग संपल्यावर उरलेल्या तीन शेजाऱ्यांचा. तेवढ्यात सासूबाई ज्वारी निवडायला सूप घेऊन तिथंच बसल्या. मी नवऱ्याला पिच्चर बंद करायची खूण केली, कारण पुढं नायक भुकेपोटी एका शेजाऱ्याला शिजवून खातो. नवी सून असलं पाहते, हे अख्ख्या बोथ गावात झालं असतं.

शेजारी शिजला. नवरा रिमोट शोधत राहिला. सासूबाई ज्वारी निवडत राहिल्या. मग नायकानं बियाण्याचं शेवटचं पोतं फोडून दाणे भाजायला घेतले, तशा त्या सूप आपटून ओरडल्या, "अरे मेल्या, बियानं काऊन खाऊन राह्यला? दुसरा शेजारी हाये नं अजून!"