जहाजाला दोर नसतो

नाही, पण मला एक सांगा, जहाजाला दोर का नसतो? हसू नका! मी गंभीरपणे विचारतोय. लिफ्टला सहा दोर असतात, सहा, त्यातले पाच तुटले तरी एकावर माणूस घरी जेवायला पोचतो, आणि तो सहावाही तुटला तर खाली पकड असते, ती रुळाला चावा घेते आणि लिफ्टचा पाळणा जागच्या जागी थांबतो... आणि हे सगळं कशासाठी? चार मजल्यांसाठी! आणि तिकडे तीन हजार माणसं, त्यांच्या बॅगा, त्यांची जेवणं, वर पोहायचा तलाव, म्हणजे पाण्यावर पुन्हा पाणी, आणि एवढ्या सगळ्याला वरून एक दोर नाही! खाली काय? पाणी! त्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? खाली सही कुणाची आहे?

मी चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्या, तुम्हाला सांगतो. सरकारी निरीक्षक. चौतीस वर्षं एकच काम, समोरच्या वस्तूकडे बघायचं आणि ही कशी पडेल याचा विचार करायचा. आता निवृत्त झालो म्हणून ही खोड जाते का? लग्नाच्या हॉलमध्ये मी झुंबराखाली बसत नाही. स्वतः लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो... अहो, जो तपासतो त्यालाच माहीत असतं ना! आणि आमची ही, ही भूगोलाची बाई. एकतीस वर्षं शाळेत निळ्या खडूने फळ्यावर समुद्र काढले आणि तास संपला की स्वतःच्या हाताने पुसले. खरा समुद्र बघितला तो काठावरूनच, तोही घाईत. तर ही निवृत्त झाली आणि आमच्या लेकीने काय द्यावं? सात दिवसांची जहाजाची सहल! मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर हिचा चेहरा बघितला, आणि तोंड तसंच मिटलं.

आता जहाज जिथून सुटतं ते गाव म्हणजे जुनं, ऐतिहासिक, भोवती तटबंदी, आत गल्ल्या. आदल्या दिवशी जाऊन राहायचं. का? तर लेक फोनवर बजावते, "बाबा, जहाज चारला सुटतं आणि ते कुणासाठी थांबत नाही हं!" ही चहा ओतता ओतता, "चारला सुटतं. कुणासाठी थांबत नाही." शेजारचे डॉक्टर, ज्यांचा काही संबंध नाही, तेसुद्धा जिन्यात गाठून, "चारला ना? थांबत नाहीत हो ते." आणि तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, एवढ्या दिवसांत ते एकच वाक्य ऐकून मला बरं वाटलं. कुणासाठी थांबत नाही... म्हणजे माझ्यासाठीही नाही!

मग काय, राहायची जागा शोधायचं काम मी अंगावर घेतलं. हौसेने! ही बघतच राहिली. पहिलं हॉटेल बंदरासमोर. फोनवरची मुलगी अशी गोड, "सर, आमच्या प्रत्येक खोलीच्या खिडकीतून तुमचं जहाज दिसतं!" म्हणजे रात्रभर ते तिथे उभं राहून माझ्याकडे बघणार? रद्द! दुसरं स्टेशनजवळ. तिथला माणूस खर्जात, "साहेब, काळजीच नको, आमची गाडी दहा मिनिटांत जहाजाच्या दारात सोडते." दहा मिनिटांत? माणसाने चुकायचं कधी? रद्द! आणि मग तिसरं. तटबंदीच्या आत, जुन्या घरात चौथ्या मजल्यावर एक खोली. घरमालकीण म्हातारी, आवाज कापरा, पण एकेक शब्द अमृत! "वेशीच्या आत गाडी येत नाही हं. सामान ओढत न्यावं लागतं. गल्ल्या जरा चुकवतात. आणि लिफ्ट आहे, पण ती कधी कधी अडकते." मी म्हटलं, बाई, खोली पक्की!

हिने विचारलं, "बंदराजवळचं सोडून हे कशाला?" मी म्हटलं, "इतिहास! संस्कृती! चारशे वर्षांच्या भिंती!" ही म्हणाली, "तुम्हाला इतिहास कधीपासून आवडायला लागला?" आणि हसली. त्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

गेलो. पोचल्या पोचल्या मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन लिफ्टचं यंत्र बघून आलो, तेवढा प्रामाणिकपणा आहे माझ्यात. दोर उत्तम, ब्रेक उत्तम, पकड उत्तम. पडणार नाही. फक्त दाराचा विजेचा एक संपर्क सैल. म्हणजे अडकणार. घरमालकिणीला सांगितलं तर म्हणते, "हो ना, मेकॅनिक सोमवारी यायचाय." तो शनिवार होता.

दुसऱ्या दिवशी ही सकाळी सहाला तयार! आणि मी? मी चष्मा शोधला. मग दुसरा चष्मा शोधला. मोजे बदलले, परत पहिले घातले. बाथरूममध्ये जाऊन नुसता बसलो. "अहो, दोन वाजले! चारला सुटतं, कुणासाठी थांबत नाही!" मी आतून, "आलोच!" असं करत करत अडीच वाजवले. मग मी दोन्ही बॅगा लिफ्टमध्ये ठेवल्या, त्यातून एकच माणूस मावतं, म्हटलं, "तू जा, मी जिन्याने आलोच." मुद्दाम नाही हो केलं! म्हणजे... अगदीच मुद्दाम असं नाही. माझी सवयच आहे जिन्याची. सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. खट्ट. अडकली.

घरमालकीण खालून ओरडली, "मेकॅनिकला फोन केलाय! दोन तास लागतील म्हणतो!" दोन तास! म्हणजे साडेचार! म्हणजे जहाज गेलं, माझा काडीचा दोष नाही, लेकीला सांगायला कारण तयार, लिफ्ट पडणार नाही याची मला खात्री, आणि मी जमिनीवर! देवाशपथ सांगतो, मला हायसं वाटलं. कठड्याला टेकून उभा राहिलो आणि कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

आणि आतून आवाज आला, "अहो, आहात ना?"

"आहे."

"मग ठीक आहे. तुम्ही आहात म्हटल्यावर मला कसली काळजी? मी बॅगेवर बसलेय. होऊ द्या तुमचं काम." आणि मग हळूच, "अहो... मिळेल ना आपल्याला जहाज?"

छत्तीस वर्षं तो आवाज ऐकतोय मी. वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारा आवाज आहे तो. तो असा कधी ऐकला नव्हता, लहान मुलीसारखा. तुम्हाला सांगतो, मला माझीच लाज वाटली. आणि त्याहून जास्त भीती वाटली. पाण्याची नाही हो! ही उद्यापासून तशीच हसेल, चहा करेल, एका शब्दाने काही बोलणार नाही, आणि मला आयुष्यभर माहीत असेल... त्याची भीती! चौतीस वर्षं मी अडकलेल्या माणसांना सांगत आलो, घाबरू नका, सोडवतो. आणि स्वतःची बायको आत ठेवून कठड्याला टेकलो होतो!

धावलो! गुडघे काय, दम काय, थेट गच्चीवर! घरमालकिणीला ओढतच नेलं, कारण त्या कामाला दोन माणसं लागतात. मेन स्विच बंद केला, तिच्या हातात ब्रेक मोकळा करायची दांडी दिली, म्हटलं, "मी म्हणेन तेव्हा दाबा, मी म्हणेन तेव्हा सोडा!" ती म्हणते, "मी पंचाहत्तरची आहे!" म्हटलं, "लिफ्टही तेवढीच आहे, दाबा!" मी चाक हाताने फिरवतोय, "दाबा! सोडा! दाबा!", घाम डोळ्यात, नजर दोरावरच्या पांढऱ्या खुणेवर, ती खूण जागेवर आली की पाळणा मजल्याला लागतो... लागला! खाली पळालो, यंत्राच्या खोलीतल्या किल्लीने लिफ्टचं दार उघडलं. ही बॅगेवर बसलेली. उठली, साडी नीट केली, म्हणाली, "तीन वाजले. चला."

मग आम्ही पळालो! गल्लीतले दगड, बॅगेचं एक चाक गेलं, डावीकडे वळलो तर भिंत, उजवीकडे वळलो तर परत तीच भिंत, आणि त्या चारशे वर्षांच्या भिंतीला मी काय काय बोललो ते इथे सांगत नाही. चारला सुटतं, चारला सुटतं, कुणासाठी थांबत नाही! जिंदगीत पहिल्यांदा ते वाक्य मला टोचत होतं. वेस, गाडी, बंदर. चारला दहा कमी! मी दारावरच्या शिपायासमोर अक्षरशः हात जोडले, "थांबवा! दोन माणसं राहिलीत!"

तो शांतपणे म्हणाला, "काका, सावकाश. सहाला सुटतं."

सहाला! मी हिच्याकडे वळलो. ही समुद्राकडे बघत होती. म्हणाली, "तिकिटं माझ्याकडेच होती ना. लेकीला म्हटलं, यांना चार सांग. डॉक्टरांनाही सांगून ठेवलं. छत्तीस वर्षांत तुम्ही घाबरलात की कसे वागता ते मला कळत नाही होय?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी खरं, "अजून दोन तास आहेत. नकोच वाटत असेल तर परत जाऊ. मी रागावणार नाही."

आता सांगा! कुणी आरडाओरडा केला असता तर मी भांडलो असतो. समोर ते दहा मजली पांढरं धूड पाण्यावर मोकळं उभं... आणि ही त्याच्याकडे बघत होती. निळा खडू हातात घेतल्यावर बघायची तशी. मी म्हटलं, "चल. पण हात सोडू नकोस."

शिडी चढलो. डोळे अर्धे मिटून, एकेक पायरी, पण चढलो. वाटलं, झालं, याहून भयंकर काही आता उरलं नाही. वर एक हसरी मुलगी, कागद बघून म्हणते, "तुमची खोली नवव्या मजल्यावर. जिना दुरुस्तीला काढलाय हं, लिफ्टने जा!"

तरंगणाऱ्या वस्तूच्या पोटात लोंबकळणारी वस्तू! मी हिच्याकडे बघितलं. हिने माझा हात घट्ट धरला, आत ओढलं आणि नऊचं बटण दाबलं. मग काय करतो? मी आपले दोर मोजायला लागलो.