जोडीची पट्टी

नाही हो, तुमचे डोळे ठीक आहेत, वाकडंच आहे ते — टेबल सरळ आहे, उगाच मान तिरकी करू नका — जहाजच वाकलंय. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय लटपटतो, ही घ्या. जाहिरात आमच्या लेकीने दिली, मी नाही. ‘बाबा, आईचं ते लाकडी जहाज नुसतं पडून आहे, कुणा हौशी माणसाला देऊन टाका, निदान पूर्ण तरी होईल’ — असं तिचं म्हणणं. लांब राहते ती, फोनवरून सगळं सोपंच दिसतं. पडून कुठे आहे? चांगलं समोर उभं आहे धडधडीत. तुम्ही स्वतः बनवता ना असली जहाजं? मग बरं झालं. मागे एकजण आला होता, त्याला वाटलं शिडंबिडं लावलेलं, चकाचक मिळेल, हॉलमध्ये मांडायला. या सांगाड्याच्या उघड्या बरगड्या बघून त्याचं तोंड असं उतरलं की मलाच त्याला पाणी द्यावंसं वाटलं.

बायकोने बनवलंय, हो. सगळ्यांना आधी वाटतं, मीच. मी कसला बनवतोय — माझं चष्म्याचं दुकान होतं, काचा घासण्यात जन्म गेला, घरी आल्यावर बारीक वस्तू हातात धरायची म्हटली तरी नको व्हायचं. तिचं उलटं. लेक लग्न होऊन गेली, घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि एक दिवस ही बाई एवढा लांबलचक खोका काखेत मारून दारात उभी. वर चित्र — तीन डोलकाठ्या, दोन मजले तोफा, धूर, लाटा, सगळा तमाशा. मी म्हटलं, अगं, बाजारात गेली होतीस की लढाईवर? तर म्हणते कशी, ‘अहो, इथे लिहिलंय, फक्त अनुभवी लोकांसाठी. मी तुमच्याशी संसार केलाय, अजून काय अनुभव हवा?’ घ्या! बोलायची सोयच नाही. मग काय, हे टेबल तिचं झालं. मी तिला जवळचा चष्मा करून दिला, जाड भिंगांचा — तो घालून मान वर केली की डोळे हे एवढाले दिसायचे, मी हसायचो, ती चिडायची. घरात स्वयंपाक मी करायला लागलो, कारण बाईंचे हात सदा गोंदाने चिकटलेले.

आता तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही त्यातलेच — लाकडाची पट्टी भिजवायची, वाकवायची, गोंद लावायचा, त्या केसासारख्या खिळ्यांनी बरगड्यांवर ठोकायची. आणि जोडीने! हे मला पाठ आहे. डाव्या अंगाला एक लागली की तिची जोडीदारीण उजव्या अंगाला, मगच पुढची. एकाच बाजूला लावत सुटलं तर ओली पट्टी सुकताना आवळते आणि मधला कणा आपल्याकडे ओढून घेते. हे मला कोणी शिकवलं? तिनेच. माझं डोकं खाल्लं त्या जोडीवरून. जेवणाची ताटं वाढली तरी उठायची नाही — ‘थांबा हो, हिची जोडी राहिलीय.’ आमटी गार व्हायची, पण जोडी राहायची नाही.

आणि बघा तुम्हीच. इकडून बरगड्या उघड्या, अर्धपोटी. आता पलीकडे जा, वाका, बघा — वरच्या काठापर्यंत पट्ट्या! एक फट नाही. तोफांच्या खिडक्यासुद्धा कापल्यात, नक्षीची पट्टी मारलीय, पिवळा रंग दिलाय. एका अंगाला पाटलीण आणि एका अंगाला हाडं. म्हणून वाकलंय ते. नियम तिचा आणि मोडला तिनेच. काय करणार — आजारपणात डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं तिचं. मी सगळ्यांना हेच सांगतो. गोळ्याच तशा जड होत्या, माणूस विसरतोच. मी म्हणायचो, अगं, जोडी? तर, ‘लावते हो, कुठे पळून जातेय ती.’ आणि पुन्हा तीच बाजू. तीच बाजू. शेवटी शेवटी तर बसवत नव्हतं, उशी पाठीला लावून बसायची, श्वास लागायचा, तरी हातोडी चालूच. मी ओरडायचो आतून. ऐकते कसली.

हो, त्या जोडीच्याच पट्ट्या. तिथे, त्या लाकडी ठोकळ्यावर. वाकवून, दोऱ्याने बांधून, सुकवून ठेवल्यात — कुठली कुठे लागणार ते पेन्सिलने खुणा करून. नुसत्या उचलायच्या आणि लावायच्या. काय म्हणालात? विसरली असती तर या कशाला केल्या असत्या? … आता ते मला काय माहीत. आजारी माणसाचं काय —

श्श. थांबा जरा. ऐकलंत?

टक्. असं. ऐकलं ना? … तुम्हालाही आलं ऐकू? खरंच? अहो, मग मला एवढे दिवस — जाऊ दे. बरं वाटलं. खिळा सुटतो तो, हो, हो, ठाऊक आहे मला, कणा वळतो, पट्टीवर ताण येतो, आणि एखादा खिळा टक्कन निघून टेबलावर पडतो. तुम्ही समजावू नका, मी काही खुळा नाही. पण पहिल्यांदा झालं ना — ती जाऊन महिनाही झाला नव्हता, मी आत ओट्यापाशी उभा, भाजी चिरत होतो, आणि इकडून टक्. एकच. तिच्या हातोडीचा अगदी तोच आवाज. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आता पुरे गं, ये जेवायला.’ म्हटलं आणि मग हात तसाच राहिला सुरीवर. बाहेर आलो तर कुणी नाही. दिवा तिचा बंद. टेबलावर एक खिळा, बास. मी भ्यायलो? नाही हो. वाईट वाटलं की ती एकदाच बोलली.

तेव्हापासून मी इथे बाहेरच असतो, या खुर्चीत. आत जातच नाही फारसा. रेडिओ बंद केला. भिंतीवरचं घड्याळ बघा, सेल काढून ठेवलाय — त्याची टकटक मध्ये येते, उगाच फसायला होतं. लेक आली की म्हणते, बाबा, घड्याळ बंद पडलंय, मी म्हणतो, सेल आणायचा राहिला. ती नवा सेल घालून जाते, मी काढून ठेवतो. चालायचंच. पावसाळी हवा असली की मात्र जहाज गप्प बसतं. एकदा तर कितीतरी दिवस काहीच नाही, काहीच नाही हो, मी बसलोय वाट बघत, घर असं कोंडल्यासारखं झालेलं — मग मी काय केलं — लेकीला सांगू नका हं — उन्हं पडली तशी टेबल खिडकीशी सरकवलं. लाकूड तापलं की वळतं ना. दुपारपर्यंत दोनदा आवाज आला. मी इतका खूष झालो की एकटाच हसलो. आता रोज सरकवतो, उन्हं गेली की परत जागेवर आणतो.

असं काय बघताय?

… हो. मोडतोय मी ते. माहितीये मला. तुम्ही सांगायची गरज नाही, तुमच्याआधी आणखी एक जहाजं बनवणारा आला होता, त्यानेही सांगितलंय, कण्याला चीर जायला लागलीय, अजून एक उन्हाळा काही काढायचं नाही. तो म्हणाला, जोडीच्या पट्ट्या आत्ताच लावल्या तर ताण सारखा होईल, वाचेल. मग आवाज? मी विचारलं त्याला. म्हणाला, आवाज कसला, ते घट्ट बसलं की गप्प होईल. झालं, मी त्याला दार दाखवलं. तुमचंही तेच म्हणणं असणार. दिसतंय तुमच्या तोंडावर. अहो, गप्प जहाज घेऊन मी काय करू? तुम्ही नेलंत तर नेलंत, नाही नेलंत तर मोडेपर्यंत तरी ती बोलेल. मोडल्यावर काय, ते मलाही कळत नाही. खरं सांगतो, त्याचीच भीती वाटते. ती दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला माझ्या हाताने.

काय? मी कुठे बसायचो? कधी — ती काम करायची तेव्हा? आत. आतल्या खोलीत, ती आरामखुर्ची आहे ना, तिथे. पाठीचा त्रास आहे मला, दुकानातून आलो की तिथेच पडायचो, पेपर घेऊन; ती मधे बसलेली, तिची पाठ तेवढी दिसायची. दार उघडंच असायचं, इथून तिथे बोलणं चालायचं आमचं. हे कशाला विचारताय? जाऊन बसू? आत्ता? अहो, त्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे, धुतलेले, घड्या घालायला मुहूर्त मिळालेला नाही. कोण बसणार तिथे आता. … बरं, बरं. तुम्ही भारी हट्टी दिसता. जहाज बनवणारी माणसं सगळी एका माळेची. चला, जातो. तुम्ही तिथेच थांबा, बरगड्यांच्या बाजूला. काही पाडू नका.

येतंय ऐकू? हे कपडे बाजूला करतो — आई गं — हां. टेकलो. काय बघू? दारातून टेबल दिसतंय, टेबलावर —

…

अहो.

अहो, इथून अख्खं आहे.

बरगड्या नाहीतच. सगळ्या खिडक्या, पिवळी पट्टी, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत — आणि वाकडंही वाटत नाही, दोन्ही टोकं इकडे वळलीत, माझ्याकडे, कुणी हात पुढे करावेत तशी. तिला कळलं होतं. दोन्ही बाजू काही आपल्याच्याने होत नाहीत, हे तिला कळलं होतं, आणि एकच करायची तर कुठली — मी बसतो तिथून दिसेल ती. माझ्यासाठी केलं हो तिने. नियम मोडून केलं. धापा टाकत केलं. आणि मी गावभर सांगत सुटलो की बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं! मी, जन्मभर लोकांना दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि ही खुर्ची कपड्यांखाली पुरून मी त्या बाजूला, हाडांपाशी बसलो. तिच्या कामाच्या पाठीमागे.

नाही, येऊ नका आत. मी ठीक आहे. रडू आलं तर येऊ दे.

ऐका. विकायचं नाही ते. लेकीला मी सांगेन, तिला हेही सांगेन. तुमची खेप फुकट गेली, राग मानू नका. पण आलाच आहात तर ती जोडी लावा. हो, ठोकळ्यावरची. आत्ता. सगळ्या नाहीत होणार एका बैठकीत, एक तरी लावा, उरलेल्यांना परत या. गोंद खणात आहे, हातोडी भिंगाच्या चष्म्याशेजारी. होऊ दे गप्प. मला आता इथून दिसतंय ना.

आधी जरा खाली वाका. अजून. तुमचं डोकं दिसतंय जहाजावरून. … अजून थोडं. हां. आता नुसतं जहाज आहे. ठोका.

… हळू. तुम्ही फार जोराने मारता. ती दोनदा मारायची, बारीक, मग थांबायची. हां. … हां, तसंच.

आता माझ्याशी बोलू नका. मी काही विचारलं तरी उत्तर देऊ नका, ते तुम्हाला विचारलेलं नसेल. पट्टी बसली की उठा आणि निघा, मला हाक मारू नका, येतो म्हणू नका, मी बाहेर यायचा नाही. दार नुसतं लोटून घ्या. आणि चपला हातात घेऊन जा, तिचा पाय वाजायचा नाही.