तोच संदेश, दुसऱ्यांदा

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई! अगं, विहिरीतून बोलल्यासारखा का येतोय तुझा आवाज?… मग फोन कानाला लाव ना, हातात लांब धरून काय बोलतेस… हां. आता ठीक.

नाही, झोपलो नव्हतो… बरं, पडलो होतो. नुसता पडलो होतो. पाळकाचा रविवार सोमवारी असतो, तुला माहितीये.

काय?… सहा टक्के? ताई, सहा टक्के बॅटरी ठेवून कुणी फोन करतं का? आधी चार्जिंगला लाव… आता तुझी वायर कुठे गेली ते मला काय विचारतेस? उशीखाली बघ… नाही? बरं, मग बोल पटकन.

मी बरा आहे… हो… हो, बरा आहे म्हटलं ना… आवाजाला काय झालंय? काल चर्चच्या उपासनेत अर्धा तास बोललो, घसा बसलाय जरा… रडत कशाला असेन?

ताई… ताई, ऐक ना. एक सांगू? हसायचं नाही. आणि भाऊजींना सांगायचं नाही. शेजारी आहेत का?… बाहेर गेलेत? बरं.

काल मी जो संदेश दिला ना… तोच तीन रविवारांपूर्वी दिला होता.

नाही, त्यासारखा नाही. तोच! तोच कागद. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत.

हस. हस तू. सांगितलं होतं हसायचं नाही म्हणून.

अगं, मला काय माहीत! शनिवारी ढीग पुढ्यात घेतला, वरचा कागद उचलला, घडी करून खिशात घातला. ही होती तेव्हा दोन ढीग असायचे… दिलेले आणि द्यायचे. उपासनेवरून आलो की माझ्या हातातून कागद काढून घ्यायची, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकायची आणि कपाटात खाली ठेवून द्यायची. मी कधी बघितलंसुद्धा नाही कुठला कागद कुठे जातो. ही जाऊन वर्ष झालं, आता सगळ्याचा एकच ढीग झालाय. आज सकाळी तारीख टाकायला घेतला, तर कोपऱ्यात तारीख आधीच! माझ्याच अक्षरात.

नाही ना, तेच तर सांगतोय! कुणीच काही बोललं नाही. दीडशे माणसं, ताई. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. दारात उभा राहून एकेकाशी हात मिळवला… 'छान झाला संदेश, पाळकसाहेब.' 'फार गरज होती हो.' मध्ये एक छोटा विनोद आहे, त्याला हसले. त्याच जागी हसले!

अगं, कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. निदान ऐकतंय तरी कुणी, असं… पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगू का, पहिला घडा मीच. बोलताना मला तरी कुठे कळलं? तोंड चालू होतं आणि डोक्यात चाललं होतं, निघताना गॅस बंद केला की नाही.

कुणीच नाही… नाही, एक ती नर्स, निवृत्त झालेली, दुसऱ्या बाकावर बसते ती. तिने हात धरूनच ठेवला. मला वाटलं, आता बोलणार. तर म्हणते काय, 'पाळकसाहेब, जेवता ना वेळेवर?' बघ! मी अर्धा तास घसा कोरडा करतोय आणि बाईंचं लक्ष जेवणात.

हो… हो… नाही, ताई. एवढंच नाही.

राजीनामा लिहिलाय.

लिहून झालाय. पाकिटात घातलाय, पाकीट समोर टेबलावर आहे. सहाला कमिटीची मीटिंग आहे, तिथे देणार… ओरडू नकोस, बॅटरी जाईल!

एका चुकीवरून नाही गं. ऐक… अगं, ऐकून तर घे. वर्ष झालं, मी माझ्यासाठी प्रार्थना केलेली नाही… इतरांसाठी रोज करतो ना! हॉस्पिटलमध्ये करतो, मयताला करतो, कुणी दुकान उघडलं तर तिथे जाऊन करतो. शब्द तयारच असतात, नळ सोडावा तसे येतात. पण घरी आलो, दार लावलं, की एक शब्द नाही. टेबलाशी बसतो, समोर हिची खुर्ची. शनिवारी त्या खुर्चीत बसून भाजी निवडायची आणि मी हिला संदेश वाचून दाखवायचो. मध्येच हात थांबवून विचारायची, 'हे तुम्हाला स्वतःला पटलंय का?' इतका राग यायचा, ताई! आता कुणी विचारत नाही.

फार एकटं वाटतं गं. दीडशे माणसांचा पाळक आहे मी, आणि एकटं वाटतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान… हो, तेच. कोरडा पाषाण. शोभतोय मला.

आहे. आहे, ऐकतोय.

काय?… जेवलो का? मी राजीनाम्याचं बोलतोय, ताई!… नाही… नाही जेवलो म्हटलं ना… काल दुपारी चहा घेतला, रात्री दोन बिस्किटं… बरं, बरं! शिव्या नको देऊस, पाळक आहे मी अजून सहा वाजेपर्यंत.

पाव आहे घरात… आत्ता?… फोन चालू ठेवून? तुला काय दिसणार आहे… बरं, उठलो. उठलो गं! खुर्ची सरकल्याचा आवाज आला ना?

कडा जरा कडक झाल्यात… चालेल… नाही, लोणी संपलंय. नुसताच खातो. पाणी घेतलंय, पेलाभर… हं… हं… तोंडात घास आहे, बोलू कसा?

हं…

ताई.

काही नाही. थांब जरा… हसतोय… नाही, हसतोयच. म्हणजे, दोन्ही.

अगं, तो संदेश कशावर होता ते सांगितलंच नाही मी तुला. तो संदेष्टा नाही का, रानात पळून जातो, झाडाखाली आडवा होतो आणि म्हणतो, देवा, पुरे झालं, आता मला ने. आणि देव त्याला काय म्हणतो? रागावत नाही. काम कुठवर आलं विचारत नाही. एक दूत पाठवतो. तो याला हलवून उठवतो, म्हणतो, खा. उशाशी भाकर आणि पाणी… हो! आणि हा खातो, पितो, आणि पुन्हा झोपतो! मग पुन्हा उठवतो. पुन्हा तेच, ऊठ, खा. दूतालासुद्धा तेच दुसऱ्यांदा सांगावं लागलं गं. आणि मी दोन रविवार हे ओरडून सांगितलं… उपाशीपोटी.

तू? तू कसली दूत! जिना चढताना चार वेळा बसतेस.

थांब… ताई, ती नर्स. 'जेवता ना वेळेवर?' अगं, तिला कळलं होतं! तोच संदेश आहे हे कळलं होतं, म्हणून तर… आणि मी तिला म्हटलं, 'हो, हो, अगदी वेळेवर.' हात सोडवून घेतला. सगळ्या चर्चमध्ये मीच तेवढा बहिरा.

पाकीट?… आहे इथेच. त्याच्यावर पेला ठेवला गेलाय, गोल डाग पडलाय… माहीत नाही. खरंच माहीत नाही, ताई. वचन मागू नकोस. एका पावाने वर्ष भरून निघत नाही.

काय?… आत्ता?… प्रार्थना? करतो ना, तुझ्या गुडघ्यांसाठी… नाही?… माझ्यासाठी?

नाही जमत गं. तेच तर… शब्दच नाहीत… बरं. तू कर. तू कर, मी डोळे मिटतो.

…

हं…

…

हो…

…

हिचं नाव घेतलंस… नाही, थांबू नकोस. बोल.

…

हो, प्रभू…

…

…

ताई?… हॅलो?… ताई, ऐकू येतंय का?… हॅलो?

गेली बॅटरी. तरी सांगत होतो…

आमेनसुद्धा नाही म्हणाली. अर्धीच राहिली.

…

हॅलो…

प्रभू… मी बोलतोय. चर्चमागच्या घरातून… बऱ्याच दिवसांनी.

पाव खाल्ला. तुझा निरोप मिळाला… दोनदा मिळाला, कळला आज.

मला फार एकटं वाटतं. ही नाही. संध्याकाळी घर खायला उठतं, तुला माहीतच असेल… सहाला मीटिंग आहे. पाकीट नेऊ की नको, कळत नाही. तू चल बरोबर. तिथे सांग.

आत्ता काही बोलला नाहीस तरी चालेल. नुसता असलास तरी…

हं.

मी ठेवत नाही अजून.