काबाओची बोलणी

शनिवारी सकाळी अकरा वाजता इथं अमेरिकेत, सेंट पॉलच्या सार्वजनिक वाचनालयात काबाओच्या कॉलेजची मुलाखत होती आणि त्या मुलाखतीला चार माणसं जास्त होती... तुम्हाला सांगतो, मुलाखत पोरीची, आणि टेबलाशी बसलंय कोण? तिचा बाप न्हिया लोर, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनी, लग्नाची बोलणी करणारे चेर पाओकाका मध्यस्थाची मानाची काळी छत्री घेऊन, आणि मी! का? कारण लाओसच्या डोंगरांतून इकडं आलेल्या आम्हा ह्मोंग लोकांत पोरगी कुठं द्यायची तर मध्यस्थ बोलतो, पोरगी गप्प बसते!

"दादा, हे लग्न नाही, कॉलेज आहे!"

"चार वर्षं त्यांच्या छपराखाली राहणार ना? मग!"

तीस वर्षं बातमीदारी केली, महापौरांना घाम फोडला, पण याला समजावणार कोण? मीच!

समोर मुलाखत घ्यायला कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी, एकटीच. काका माझ्या कानात, "हिच्या बाजूनं बोलणारा कुणीच नाही? घराणं बरं दिसत नाही." तेवढ्यात वहिनीनं बोलणीच्या रिवाजाची उकडलेली कोंबडी पुढं सरकवली, वाचनालयात! बाई हसल्या, म्हणाल्या, "काबाओ, तुझ्याबद्दल सांग ना."

पोरीनं तोंड उघडलं मात्र, दादा सुरू! "तिच्यात सांगण्यासारखं काही नाही हो. आळशी आहे. भात करपवते. उलट बोलते."

अहो, आमची रीतच ती, आपल्या पोरीला आपणच नावं ठेवायची, मग समोरच्यानं म्हणायचं, "छे छे, पोर सोन्यासारखी आहे!" दादा त्या 'छे छे'ची वाट बघत बसला, आणि बाईंनी लिहून घेतलं! आळशी... करपलेला भात... आणि त्यांना समजावणार कोण? मीच!

"बाई, हा विनय आहे..."

"मोठी माणसं बोलतायत, तू गप्प!" काका गरजले. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे हो!

शेवटी काबाओच बोलली, हळूच. "भात करपतो, खरं आहे. तेव्हा मी फोनवर असते. आजीचं डायलिसिस, डॉक्टर काय म्हणतात ते तिला आपल्या भाषेत सांगावं लागतं. म्हणून हेच कॉलेज हवंय, घराजवळचं."

बाईंचं पेन थांबलं. थांबलं! म्हणजे भात लिहिला आणि आजी नाही लिहिली?

मार्चमध्ये उत्तर आलं... प्रतीक्षा यादी.

"म्हणजे होकार?" दादा.

"नाही."

"नकार तर नकार म्हणावं!"

"तोही नाही, दादा."

"असली बोलणी बापजन्मात पाहिली नाहीत," काका म्हणाले. आणि पहिल्यांदाच माझ्याकडंही समजावण्यासारखं काही नव्हतं. मी कॉलेजला फोन लावला. यादीत किती पोरं? आमची कितवी?

"सर, आम्ही क्रमांक लावत नाही."

"मग यादी कसली?"

"सर, शुभेच्छा!"

आता ऑगस्ट संपत आला. वहिनी रोज विचारते, पोरीचं सामान बांधू की नको? कॉलेज सोमवारी सुरू होतंय. काबाओ कितवी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.