शांततेकडं बघायचं कसं

कळंबच्या एसटी थांब्यावर रांगेत शिवकांताबाईच्या पुढं गफार आणि गुंडप्पा उभे होते. गफारची आज उस्मानाबादला इंग्रजीची तोंडी परीक्षा. पास झाला तरच कारकुनी पक्की.

"गुंडप्पा, साहेब हुतात्मा दिनाचं इचारणार. 'वी ऑब्झर्व्ह सायलेन्स' म्हंजे काय रे?"

"ऑब्झर्व्ह म्हंजे बघणं. सायलेन्स म्हंजे शांतता."

"शांतता बघायची?"

"व्हय. दोन मिनटं."

"पर ती दिसती कुठं?"

"देशप्रेम असलं की दिसती."

"आन् मला न्हाय दिसली तर?"

"साहेबाला सांगू नकोस."

"थांब, आत्ताच बघून घेतो."

दोघं डोळे फाडून ताठ उभे राहिले. त्यांना बघून, कुणाला तरी श्रद्धांजली असेल म्हणून रांगही गप झाली. शिवकांताबाईनं पदर सावरला. एसटी आली. कंडक्टरनं टोपी काढली. कुणीच हलेना म्हणून गाडी निघून गेली.

"दिसली का रे, गफार?"

"शांतता न्हाय. गाडी दिसली."